मानशीच्या दारावरचे भात

मांडवी आणि झुआरीला उन्हाळ्यात नदी म्हणणे कठीण जाते. ओढे आटले की समुद्राचे पाणी भरतीबरोबर पात्रात कित्येक मैल आत चढते आणि चोडण, दिवाड यांसारख्या बेटांना चारही बाजूंनी खारे पाणी वेढून राहते. जूनमध्ये पाऊस लागला की तीच पात्रे गोड्या, गढूळ पाण्याने दुथडी भरतात. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. दिवसातून दोनदा भरती. पाण्याची चढउतार दोन मीटरच्या आसपास. अशा ठिकाणी भरतीच्या पातळीखालच्या दलदलीत भात पिकवायचे कुणाच्या मनात यावे, हेच आधी नवल. तरीही गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन शेकडो वर्षे पिकत आली. तिला खाजण म्हणतात. खाजणांविषयी बोलताना आपण बहुधा बांधांचे कौतुक करून थांबतो. बांध कौतुकाचेच आहेत. पण या जमिनीने गावांना पोसले ते बांधामागच्या व्यवहारामुळे, असे मला वाटते. भात आधी आणि मासळी नंतर हा क्रम, आणि मासळीचे उत्पन्न व बांधाची डागडुजी एकाच खात्यात ठेवण्याची रीत, या दोन गोष्टी होत्या तोवर खाजण टिकले. त्या सुटल्या तसे ते खचत गेले.

खाजणाची उमर मोठी आहे. फोंडा तालुक्यातल्या बांदोड्याला सापडलेला, कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन राजाचा ताम्रपट साधारण सहाव्या शतकातला मानला जातो. खाजण जमीन लागवडीखाली आणण्यासाठी दिल्याचा उल्लेख त्यात आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी खारफुटीची दलदल तोडून, बांध घालून शेत करणे ही गोव्यात माहीतगार लोकांची विद्या होती. बांधाचे सामान गावातलेच: खाडीतला चिकट चिखल, पेंढा, झाडांच्या फांद्या आणि पाण्याच्या बाजूला जांभ्या दगडाचा थर. बांधाबाहेरची खारफुटी मुद्दाम राखलेली असे, कारण लाटेचा पहिला मार ती घेते. असा बांध एकदा घातला की झाले, असे मात्र नसते. कुर्ल्या त्याला सतत पोखरतात. एका बिळातून पाणी झिरपू लागले आणि चार दिवस कुणी पाहिले नाही, तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाला तिथेच भगदाड पडते. त्यातून आत आलेल्या पाण्याला एकट्याचे शेत कळत नाही, ते सगळ्यांच्या शेतात पसरते. खाजणात एकट्याने शेती करता येत नाही, याचे कारण मुळात हे.

बांधात मध्येच मानस असते. मानस म्हणजे पाण्याचे दार: जांभ्या दगडाच्या भिंती आणि त्यांत बसवलेल्या लाकडी झडपा. ओहोटीला आतले पाणी बाहेरच्यापेक्षा चढे असते, ते झडपा ढकलून खाडीत जाते. भरती सुरू झाली की बाहेरच्या पाण्याचा दाब त्याच झडपा घट्ट लावतो. कुणाला हात लावावा लागत नाही. मानशीच्या आत खोलगट जागेत पोंय असते, म्हणजे सगळ्या शेतांचे पाणी जिथे उतरते तो आतला नाला. जूनच्या पहिल्या सरींनी मातीतले मीठ विरघळते, पोंयीत उतरते आणि ओहोटीबरोबर बाहेर पडते. माती पुरती धुतली गेली की कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे वाण पेरायचे. कोरगुट उंच वाढते आणि पाण्यात काही दिवस उभे राहिले तरी कुजत नाही. उतारा कमी, पण ज्या जमिनीत दुसरे काही तग धरत नाही तिथला. पावसाळा संपता संपता कापणी होते आणि मग मानशीच्या झडपा बेताने उघडून खारे पाणी आत घेतात. आता खरी गंमत सुरू होते. भाताचे सड पाण्यात कुजतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव वाढतात, आणि भरतीबरोबर आत आलेली सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिल्ले त्या गाळावर पोसतात. त्यांच्या मागोमाग शेवटे, काळुंदर आणि कुर्ल्या येतात, त्यांच्यावर टपलेला चोणक येतो, आणि बगळे तर असतातच. खाऱ्या पाण्याने शेतातले तणही मरते. मासळी जे मागे टाकते ते पुढच्या भाताला खत होते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे लावले की पाण्याच्या ओढीने मासळी आपोआप त्यात येते. भाताच्या काडीपासून चोणकापर्यंतची ही साखळी एकाच बांधाच्या आत, एकाच वर्षात पुरी होते. काठाच्या काही खाजणांत मिठागरेही असत. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर ब्रिटिशांनी गोव्याच्या मिठावर ताबा मिळवला आणि १८९२ ला करार संपेपर्यंत त्या धंद्याचे कंबरडे मोडले, ही वेगळी आणि दुःखाची गोष्ट.

या साखळीत भात आणि मासळी एकमेकांना पोसतात खरे, पण त्यांचे हित एक नाही. मासळीला खारे पाणी जितके जास्त आणि जितके लांबवर, तितके बरे. भाताला तेच पाणी विष. झडप महिनाभर आधी उघडली किंवा महिनाभर उशिरा लावली, तर मासळीवाल्याचा फायदा आणि शेतकऱ्याचे वर्ष बुडाले. म्हणून झडप कुणाच्या हातात, हा खाजणाचा कळीचा प्रश्न. गोव्यात त्याचे उत्तर गांवकारी या संस्थेने दिले. जमीन गावाच्या संस्थेची, ती गावातल्यांना कसायला लावून द्यायची, बांध आणि मानशी राखायच्या, आणि उरलेले उत्पन्न गांवकारांत जण म्हणून वाटायचे. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने गांवकारांचे रीतिरिवाज फोराल या सनदेत लिहून घेतले, तेव्हा हा व्यवहार आधीच जुना होता. पोर्तुगीजांनी गांवकारीला कोमुनिदाद म्हटले, तिच्यावर आपले नियम लादले, पण तिची जमीन आणि बांध तिच्याच हाती ठेवले, कारण सरकारलाही वसूल त्यातूनच मिळायचा. मानशीवर मासे मारण्याच्या हक्काची दरवर्षी पावणी होई, म्हणजे लिलाव. लिलाव घेणाऱ्याने भाताच्या हंगामात दाराला हात लावायचा नाही, आणि त्याने भरलेला पैसा ज्या तिजोरीत जाई त्याच तिजोरीतून बांधाची दुरुस्ती होई. खाजणाची सारी पर्यावरण-समज मला या हिशेबाच्या रचनेत दिसते. मासळीने बांधाला पोसायचे आणि बांधाने भाताला राखायचे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. गांवकारी ही समतेची संस्था नव्हती. जण पुरुष गांवकारांना मिळे, स्त्रियांना नाही. चिखलात उतरून बांध घालणारे, कुर्ल्यांची बिळे बुजवणारे हात बहुतेक गावडे-कुणब्यांचे आणि कुळांचे; निर्णय मात्र त्यांचा नव्हता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत घर बांधून राहणारा मुंडकार तर उठ म्हटले की उठायचा. तेव्हा जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणे म्हणजे या अन्यायाचे गोडवे गाणे, असे कुणी म्हटले तर त्याला उडवाउडवीचे उत्तर देता येणार नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. हिस्सा कुणाला, हा न्यायाचा प्रश्न होता आणि तो चुकीच्या पद्धतीने सुटलेला होता. मासळीचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च एका खात्यात, ही पाण्याची गरज होती, आणि ती जातीवर अवलंबून नव्हती. हिस्सेदार बदलूनही ते खाते एक ठेवता आले असते.

पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यावर नेमके हे निसटले. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन झाली. हे व्हायलाच हवे होते. बांधांचे काय, हा प्रश्नही कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आला होता. १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संयुक्त जबाबदारीसाठी कूळ संघ उभे केले, बांध आणि मानशी त्यांच्या हाती दिल्या. कागदावर हा वारसा कोमुनिदादकडून कसणाऱ्यांकडे आला. प्रत्यक्षात संघ झाले तेव्हा शेतीच्या अर्थकारणाचा पाया हलला होता. खाणी आणि पुढे पर्यटन यांनी मजुरीचे दर चढवले, तरुण शेत सोडून नोकरीला लागले, आणि मासळी-सुंगटांचा भाव भाताला कितीतरी मागे टाकून गेला. मानशीच्या पावणीत बाहेरचा पैसा शिरला. मोठी बोली लावणाऱ्याला ती वसूल करायची होती, मग झडपा हवे तेव्हा उघड्या राहू लागल्या. खारे पाणी भाताच्या महिन्यात शेतात आले, एक हंगाम गेला, मग दुसरा. शेत पडीक पडले की ते बारमाही मासळीचे तळे होते, आणि बोली लावणाऱ्याला तेच हवे असते. बांध मुद्दाम फोडल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या. त्यात भर पडली खनिज वाहणाऱ्या बार्जींची. त्यांच्या लाटा मांडवी-झुआरीच्या काठांवर वर्षानुवर्षे आदळून बांधांचा पाया खात राहिल्या. नफा बार्जवाल्याचा, पावणीचा पैसा संघाच्या नाहीतर कुणाच्या खिशात, आणि बांध कुणाचाच नाही, अशी अवस्था आली. जिथे कसणारे एकजूट राखून होते तिथले बांध टिकले, हेही सांगायला हवे.

आता व्यवहारी माणूस विचारेल: मासळी हेही अन्नच आहे, तिला भाव जास्त, मग भाताचा आग्रह कशाला? तांदूळ रेशनवर मिळतो. शिवाय गोवा तांदळात कधी स्वयंपूर्ण नव्हताच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचे शहर कानडा किनाऱ्यावरून आलेल्या तांदळावर जगत होते. हे खरे आहे. पण शहर बाहेरच्या तांदळावर जगत असताना खाजणकाठची गावे आपल्या भातावर जगत होती, म्हणून वाट अडली तरी सगळेच एका वेळी उपाशी पडत नसत. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बाहेरून येणाऱ्या धान्यावर अवलंबून असण्याची किंमत गोव्याला पुन्हा कळली. अन्नसुरक्षा म्हणजे सगळे काही घरचे असणे नव्हे; वेगवेगळ्या कारणांनी बिघडणारे दोन-तीन आधार असणे. पाऊस फसला तर भात जाईल, पण खाडीची मासळी राहील. मासळीवर रोग आला तर कोठीत भात असेल. बारमाही तळ्यात हे दोन्ही आधार एकात येतात. कोळंबीवर रोग पडला की सगळे एकदम जाते, आणि तोवर मातीत साठलेले मीठ धुवायला पुढे कित्येक पावसाळे लागतात. आणखी एक फरक आहे. भात गावात वाटून खाल्ला जायचा. महाग मासळी गावाबाहेर विकली जाते आणि तिचा पैसा पावणी जिंकणाऱ्याकडे जातो. एकूण उत्पन्न वाढले तरी ताटातले अन्न वाढलेच, असे त्यातून ठरत नाही.

उलट बाजूचा आक्षेप निसर्गप्रेमींचा. खाजण मुळात खारफुटी तोडून झालेले. बांध फुटला, शेत पडीक झाले आणि तिथे पुन्हा खारफुटी उगवली तर बिघडले काय? खारफुटीत मासळीची पिल्ले वाढतात, किनारा सावरतो, यात वाद नाही. पण खाजणाने खारफुटी संपवली नव्हती, तिला बांधाबाहेर जागा ठेवली होती. बांधाच्या आत उगवलेली खारफुटी म्हणजे फुटलेला बांध. तिथे आता पेच असा की तीच खारफुटी कायद्याने संरक्षित होते, आणि शेत पुन्हा उभे करू म्हणणारा शेतकरी गुन्हेगार ठरण्याची भीती बाळगतो. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्याच्या खाजणांची स्वतंत्र नोंद घेतली, त्यांचे नकाशे करायला सांगितले, तिथे बांधकामाला बंदी केली आणि लगतच्या खारफुटीला संरक्षण दिले. बांधकामाला बंदी ही मोठी गोष्ट, कारण भरावाचे खाजण पुन्हा कधीच खाजण होत नाही. पण मानशीचे दार कुणी, कोणत्या महिन्यात उघडायचे, हे अशा अधिसूचनेने ठरत नाही.

कोकणाच्या महाराष्ट्राकडच्या भागाने दुसरी वाट धरून पाहिली आहे. रायगडच्या खारेपाटात खारबंदिस्तीची जबाबदारी १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि मग १९७९ च्या कायद्याने सरकारी यंत्रणेकडे आली. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारे पाणी सोसणारे वाणही दिले. दगडी बांधाला सरकारी पैसा लागतो, हे तिथेही दिसले आणि गोव्यातही नाकारता येणार नाही. पण कुर्लीचे बीळ चार दिवसांत बुजवायचे तर निविदा काढून चालत नाही. ते रोज बांधावरून जाणाऱ्यानेच बुजवावे लागते, आणि तो ते तेव्हाच बुजवतो जेव्हा मानशीच्या मासळीत त्याचा वाटा असतो. म्हणून पावणीची पहिली अट भाताच्या हंगामात दार बंद ही असावी, बोली मंजूर करण्याचा अधिकार प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्या सभेला असावा, आणि पावणीचा पैसा बांधाच्या स्वतंत्र खात्याखेरीज कुठेही जाऊ नये. या तीनही गोष्टी गोव्यातल्या कूळ संघांना नवा कायदा न करताही ठरावाने सुरू करता येतील.