उणे संख्येचे वर्गमूळ

संमिश्र संख्या जन्मल्या त्या सोळाव्या शतकातील इटलीत, घन समीकरणांवरून जुंपलेल्या भांडणात. तेव्हाचे गणिती एकमेकांना जाहीर आव्हाने देत आणि आपली सूत्रे दागिन्यांसारखी दडवून ठेवत. तार्ताल्याने १५३९ मध्ये गुप्ततेची शपथ घालून घन समीकरणे सोडवण्याची आपली रीत कार्दानोला सांगितली. कार्दानोने ती १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’त सरळ छापून टाकली. श्रेय दिले होते, पण तार्ताल्या भडकला तो भडकलाच.

याच ग्रंथात एक कोडे आहे: १० चे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार ४० यावा. उत्तर ५ + √−१५ आणि ५ − √−१५. गुणाकार खरोखर ४० येतो, तरी कार्दानोला हा प्रकार निरुपयोगीच वाटला.

दलदली कोरड्या करणाऱ्या बोंबेल्ली या अभियंत्याने मात्र पिच्छा सोडला नाही. क्ष³ = १५क्ष + ४ याचे उत्तर ४, हे कुणालाही पडताळता येते; ‘आर्स माग्ना’तले सूत्र मात्र √−१२१ पुढे करते. (२ + √−१)³ म्हणजेच २ + √−१२१, हे बोंबेल्लीने ओळखले. मग सूत्रातल्या दोन घनमुळांची, म्हणजे २ + √−१ आणि २ − √−१ यांची, बेरीज केली की नको ते पद उडते, उरतात ४. हे १५७२ मध्ये छापले गेले. अशा संमिश्र संख्यांना प्रतलावर जागा दिली वेसेल या सर्वेक्षकाने, १७९७ मध्ये.