कोरियन युद्ध : परकीय सैन्ये व हेलिकॉप्टर

(२५ जून १९५०–२७ जुलै १९५३). दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, ३८ अंश उत्तर अक्षांशावर कोरियाची विभागणी झाली. उत्तरेत सोव्हिएट आणि दक्षिणेत अमेरिकी फौजा उतरल्या व १९४८ मध्ये दोन स्वतंत्र शासने आली. उत्तर कोरियाने केलेल्या आक्रमणाने युद्धाला तोंड फुटले. त्याआधीच्या सीमेवरील चकमकींची जबाबदारी कोणाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

परकीय सैन्ये : संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखाली सोळा देशांची लढाऊ दले दक्षिणेच्या मदतीस आली. त्यांत अमेरिकेचा वाटा फार मोठा होता. ऑक्टोबर १९५० मध्ये पंग द-ह्वायच्या नेतृत्वाखाली चिनी फौजा ‘स्वयंसेवक’ या नावाने यालू नदी ओलांडून आल्या. सोव्हिएट वैमानिक मिग-१५ विमाने घेऊन लढले, पण मॉस्कोने ते दीर्घकाळ मान्य केले नाही.

भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये पुसान बंदरात दाखल झाली. चिनी फौजांपुढे घ्याव्या लागलेल्या डिसेंबरच्या माघारीत प्याँगयांग सोडताना वाहने मिळेनात, तेव्हा तुकडीच्या जवानांनी स्वतः आगगाडी चालवून औषधे व शस्त्रक्रियेची सामग्री वाचवली. २३ मार्च १९५१ रोजी मुनसानजवळ अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर या तुकडीचे एक छोटे पथकही आकाशातून उतरले. रंगराज यांना महावीरचक्र मिळाले.

हेलिकॉप्टरचा वापर : ऑगस्ट १९५० मध्ये पुसानच्या वेढ्यात अमेरिकी मरीन दलाची हेलिकॉप्टरे टेहळणी, निरोप्यांची ने-आण व जखमींची सुटका या कामांसाठी वापरात आली. जानेवारी १९५१ पासून भूदलाची बेल एच-१३ जातीची छोटी हेलिकॉप्टरे जखमींना नियमितपणे हलवू लागली. जखमीला बाहेरच्या बाजूला, दोन्ही अंगांना एकेक अशा स्ट्रेचरवर बांधत. उड्डाणादरम्यान त्याच्याकडे लक्ष देणे कोणालाच शक्य नसे आणि रात्रीची उड्डाणे क्वचितच होत. डोंगराळ मुलखात तर बैलगाडीच्याही वाटा नसत. तरीही तिथून निघालेला सैनिक काही मिनिटांत फिरत्या शल्य-रुग्णालयात पोहोचे, ही या युद्धातली सर्वांत मोलाची गोष्ट होय. युद्धसमाप्तीपर्यंत भूदलाच्या हेलिकॉप्टरांनी १७ हजारांहून अधिक जखमी हलवले. रुग्णालयात पोहोचलेल्या अमेरिकी जखमींतील मृत्युप्रमाण दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४.५ टक्के होते, ते या युद्धात सुमारे २.५ टक्क्यांवर आले. याचे श्रेय हेलिकॉप्टरला किती आणि रक्तपुरवठा, प्रतिजैविके व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेला किती, याची वाटणी अवघड आहे.

सैन्य आणि रसद वाहण्याचा पहिला मोठा प्रयोग मरीन दलाच्या एचएमआर-१६१ या तुकडीने केला. १३ सप्टेंबर १९५१ रोजी ‘विंडमिल’ मोहिमेत २८ फेऱ्यांत सुमारे साडेआठ टन सामान कड्यावरच्या पलटणीला पोहोचवून परतीच्या वाटेवर ७४ जखमी खाली आणले. आठवड्याभराने, २१ सप्टेंबरला, २२४ सैनिक ८८४ मीटर उंचीच्या टेकडीवर उतरवण्यात आले. नौदलाचा वैमानिक जॉन कोल्श जुलै १९५१ मध्ये शत्रुप्रदेशात पडलेल्या वैमानिकाला उचलताना पाडला गेला व पुढे कैदेत मरण पावला. मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालेला तो पहिला हेलिकॉप्टर-वैमानिक होय.

याउलट उत्तरेकडील फौजांची रसद मुख्यतः रात्रीच्या मालमोटारी, रेल्वे व हमालांच्या पाठीवरून जाई.

भारतीय रक्षक दल : मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन युद्धकैद्यांचा ताबा शस्त्रसंधीनंतर भारताकडे आला. या कैद्यांचा प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ राष्ट्र आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल थिमय्या होते. सुमारे सहा हजारांच्या रक्षक दलाचे प्रमुख कोल्हापूरचे मेजर जनरल शंकरराव थोरात होते. हे दोघे १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे एकाच ब्रिगेडमध्ये पलटणींचे प्रमुख म्हणून लढले होते. दलात २ पॅराशूट (मराठा) ही पलटणही होती. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. म्हणून इंचॉन बंदरात उभ्या जहाजांवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी संपूर्ण दल दोन्ही कोरियांमधील निःसैनिकी पट्ट्यात नेऊन उतरवले. ‘पॉइंट क्रूझ’ ही विमानवाहू नौका या कामी वापरण्यात आली. एवढे सैन्य, तेही तटस्थ राष्ट्राचे, केवळ राजकीय मनाईमुळे हवेतून न्यावे लागणे ही विलक्षण घटना होती. पण हेलिकॉप्टरच्या इतिहासांत तिला फार थोडी जागा मिळते.

या पट्ट्यातील छावणीला ‘हिंद नगर’ असे नाव होते. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह कुंपणाच्या आत शिरले व बोलणी करून त्यांनी त्याला सोडवले. याबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग २), म्हणजे नंतरचे कीर्तिचक्र, मिळाले. पुढे काही वेळा गोळीबार करावा लागून कैदी दगावले. जानेवारी १९५४ मध्ये ताबा संपला. बहुसंख्य चिनी कैदी तैवानला गेले आणि ८८ कैदी दलाबरोबर भारतात आले.

पुढील वापर : फ्रेंचांनी अल्जीरियात आणि डिसेंबर १९६१ पासून अमेरिकेने दक्षिण व्हिएटनाममध्ये हेलिकॉप्टरचा युद्धवापर वाढवला.