पंचेचाळिसावा घात आणि तेवीस उत्तरं

मंडळी, सुरुवात अगदी सोप्या समीकरणापासून करू. साइन थीटा बरोबर अर्धा. थीटा किती? कुठल्याही सभागृहात पहिलं उत्तर येतं ते तीस अंश. दीडशे सहसा कुणी म्हणत नाही, आणि तीनशे नव्वद तर नाहीच. 'सगळी उत्तरं काढा' असं विचारलेलं असलं तरी पहिलं हाती लागलं की आपण पेन खाली ठेवतो. या 'सगळी' शब्दाचीच आज गोष्ट आहे.

१५९३ साली ल्युवेनचा गणिती आद्रियान फान रोमेन याने आपल्या पुस्तकात जगातल्या सगळ्या गणितींना आव्हान म्हणून एक समीकरण छापलं. ४५क्ष, त्यातून वजा ३७९५ क्षचा घन, मग अधिक ९५६३४ क्षचा पाचवा घात, असं चढत चढत थेट क्षच्या पंचेचाळिसाव्या घातापर्यंत. उजवीकडे वर्गमुळाच्या पोटात वर्गमुळं असलेली एक संख्या. बघूनच घाम फुटावा!

असं सांगतात, की नेदरलँड्सच्या राजदूताने फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीला डिवचलं: तुमच्याकडे हे सोडवणारा कुणी नाही. राजाने फ्रांस्वा व्हिएतला बोलावलं. व्हिएत पेशाने वकील, राजाचा सल्लागार. स्पेनची गुप्त पत्रंही त्याने उलगडली होती. गोष्ट थोडी रंगवलेली असेल, पण व्हिएतने एक उत्तर तिथल्या तिथे दिलं आणि दुसऱ्या दिवशी आणखी बावीस.

तिथल्या तिथे कसं? क्ष म्हणजे कोनाच्या साइनची दुप्पट मानली, तर तिप्पट कोनासाठी ३क्ष वजा क्षचा घन येतो. पंचेचाळीसपट कोनासाठी हेच प्रचंड समीकरण येतं. ती ओळख पटली की घात वगैरे सगळं गळून पडतं. उजवीकडची संख्या निघते १२ अंशांच्या साइनची दुप्पट, म्हणजे वर्तुळातल्या सुसम पंधराकोनाची बाजू. मग बारा भागिले पंचेचाळीस: कोन १६ मिनिटं. झालं पहिलं उत्तर.

आमच्या मते खरी करामत दुसऱ्या दिवसाची आहे. १२ अंशांची साइन ती ३७२ अंशांची, तीच ७३२ अंशांची. पूर्ण फेरा मारला की आपण त्याच जागी. पण पंचेचाळीसने भागल्यावर ते फेरे वेगळे पडतात, दर फेऱ्याला ८ अंशांनी. १६ मिनिटं, ८ अंश १६ मिनिटं, १६ अंश १६ मिनिटं... तेविसावा कोन १७६ अंश १६ मिनिटं. बारावीला 'जनरल सोल्युशन' म्हणून पाठ करतो, ते हेच.

१५९५ मध्ये व्हिएतने आपलं उत्तर छापलं. फान रोमेन इतका प्रभावित झाला, की त्याला भेटायला फ्रान्सला गेला.

आणि तेविसावरच का थांबला? पुढचा कोन १८४ अंश १६ मिनिटं. तिथे साइन ऋण होते. व्हिएतसाठी क्ष ही वर्तुळातल्या रेषेची लांबी होती, आणि ऋण लांबी हे त्याच्या लेखी उत्तरच नव्हतं. उरलेली बावीस उत्तरं वर्तुळाच्या खालच्या अर्ध्यात होती, त्याच आठ-आठ अंशांच्या अंतरावर. शेहेचाळिसावा फेरा पुन्हा पहिल्या सोळा मिनिटांवर येतो.