रेडिओ कुणाचा, कान कुणाचे?

२०२० च्या जून महिन्यात गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले आणि महिना संपता संपता केंद्र सरकारने ५९ चिनी मोबाइल ॲपवर बंदी घातली. टाळेबंदी तेव्हा कुठे सैल होऊ लागली होती. तरी किराणा दुकानासमोरच्या रांगेतसुद्धा अंतर राखून कडाक्याचा वाद चाले. शत्रूची चीज घरात हवीच कशाला, असे एक म्हणे. सरकारने आमच्या खिशातल्या फोनमध्ये हात का घालावा, असे दुसरा विचारी. हा वाद कालपरवाचा वाटतो; पण मोबाइलच्या आधी तो रेडिओवरून होत असे, आणि त्याचे मूळ त्याहूनही मागे, तारायंत्राच्या काळात आहे.

इंग्रज सरकारने १८८५ साली तार कायदा केला. तारायंत्र चालवण्याचा हक्क सरकारचा, इतरांनी परवाना घ्यावा, हे त्याचे मुख्य सूत्र. सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण दाखवून निरोप अडवण्याची मुभाही त्यात होती. पुढे रेडिओ आला आणि १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र विनापरवाना जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. म्हणजे बोलायला परवाना हवा, तसा ऐकायलाही. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन भरल्याचे पन्नाशीपुढच्या वाचकांना आठवत असेल. ती पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली.

दुसऱ्या महायुद्धात या यंत्राची खरी ताकद कळली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि त्याच महिन्यात बर्लिनहून सुभाषबाबूंचा आवाज हिंदुस्थानात ऐकू येऊ लागला. त्याला उत्तर द्यायला लंडनमध्ये बीबीसीचा पूर्व विभाग कामाला लागला होता. तिथे बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला एक इंग्रज लेखक साप्ताहिक युद्धवार्ता लिहीत असे. त्याचे नाव जॉर्ज ऑर्वेल. त्याच्या मजकुराची भाषांतरे हिंदुस्थानी भाषांतून प्रसारित होत; त्यांत मराठीही होती. वेणू चितळे ही मराठी लेखिका त्याच विभागात त्याची सहकारी होती. १९४३ मध्ये ऑर्वेलने ती नोकरी सोडली. ज्या कामातून काही निष्पन्न होत नाही, त्यावर आपण वेळ आणि लोकांचा पैसा घालवत आहोत, अशी त्याची भावना झाली होती. पुढे १९४९ मध्ये त्याने ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात भिंतीवर एक यंत्र असते. ते सतत बोलते, घरातल्या माणसावर नजर ठेवते आणि सामान्य माणसाला ते कधीच पूर्ण बंद करता येत नाही. सरकारी प्रचाराच्या कचेरीत दोन वर्षे काढलेल्या माणसाला असे यंत्र सुचावे, यात मला नवल वाटत नाही.

लंडनमध्ये मराठी बातम्या अशा तयार होत असताना मुंबईत बावीस वर्षांची एक मुलगी वेगळाच उद्योग करत होती. तिचे नाव उषा मेहता. ‘भारत छोडो’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप बसले. तेव्हा तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून बोलत आहोत, अशी त्याची घोषणा असे. ते ठिकाण सारखे बदलावे लागे, कारण पोलिसांच्या गाड्या ध्वनिलहरींचा माग काढत हिंडत असत. डॉ. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते त्यासाठी मजकूर देत. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर इथे झालेले अत्याचार, हे लोकांना या रेडिओने सांगितले. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. उषाबेननी तपासात तोंड उघडले नाही. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि १९४६ मध्ये त्या येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्या. जेमतेम तीन महिने चाललेल्या या छोट्या केंद्राची एवढ्या मोठ्या साम्राज्याला धास्ती वाटली, याचे कारण उघड आहे. सरकारी बातमी ताडून बघायला लोकांना दुसरी बातमी मिळाली होती.

तेच पुढे गोव्यात घडले. सालाझारच्या पोर्तुगीज राजवटीत छापील शब्दावर कडक पहारा होता. २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरहद्दीजवळच्या जंगलातून भूमिगत रेडिओ सुरू केला. आधी आंबोलीचे रान, मग कॅसलरॉकचे. कोकणी आणि पोर्तुगीज या दोन भाषांत सहा वर्षे हे काम चालले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांनी विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून ती बातमी गोव्याला दिली. पुढे ते पतिपत्नी झाले. लिबियाताईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली.

परक्यांच्या राज्यात आपला आवाज चोरून ऐकण्याचा अभिमान वाटतो. स्वराज्यात मात्र दुसऱ्यांचा आवाज ऐकणाऱ्याकडे संशयाने बघितले जाते. मी हे घरात अनुभवले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी अब्बा रोज रात्री बीबीसीच्या उर्दू बातम्या लावत. कौलारू घरातून आवाज वाटेवर जाई. ‘यांच्याकडे पाकिस्तान लागतं’ अशी कुजबुज आमच्या कानांवर येई. अब्बा भांडले नाहीत. एका रात्री त्यांनी वाटेवरच्या तात्यांना हाक मारली, ‘‘तात्या, वर या, बसा. लंडन आहे हे, लाहोर नव्हे.’’ तात्या आले, चहा प्यायले, पण अक्षरही समजले नाही म्हणून माझ्याकडे बघू लागले. त्या रात्रीपासून उर्दू बातमी मराठीत सांगायचे काम माझ्याकडे आले.

३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्याचे आकाशवाणीने संध्याकाळी जाहीर केले. बीबीसीने ते कित्येक तास आधी सांगितले होते. आमच्या ओसरीवर त्या दिवशी निम्मे गाव जमले होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले तेव्हा तर माझा मामा आणि तात्यांचा पुतण्या दोघेही तिथे अडकलेले. एअर इंडियाची विमाने अम्मानहून माणसे आणत होती. लाखाहून अधिक भारतीय तसे परतले. त्या आठवड्यांत आधी आकाशवाणी, मग बीबीसी, असा क्रम ठरलेला असे. दोन्हीकडे सारखे असेल ते खरे मानायचे, उरलेले उद्यावर ठेवायचे, हा तात्यांचा हिशेब. कुठल्या भाषेत ऐकता, असे तेव्हा कुणी विचारले नाही.

तात्यांचा हा हिशेब पुढे कायद्याच्या भाषेतही आला. क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि माहिती मिळवणे हा नागरिकाच्या अभिव्यक्तीच्या हक्काचाच भाग आहे. हा निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरी सरकारने हात फारसा सैल केला नाही. खासगी एफएम केंद्रांना २०१९ मध्ये बातम्यांची सवलत मिळाली ती आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्यापुरती. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्यातही सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सेवा थांबवण्याचा अधिकार सरकारकडे आहेच.

असा अधिकार कुठल्याच सरकारकडे नसावा, असे मी म्हणणार नाही. सीमेवर रक्त सांडते तेव्हा सरकारला काही दारे लावावी लागतात. पण दार लावणाऱ्याने कारण सांगायला हवे. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले: असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बंदी बेमुदत असता कामा नये. तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर वाद रंगला, की शेजारी कुठले ॲप वापरतो हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. आदेश कुठल्या कायद्याखाली निघाला? किती दिवसांसाठी? आणि तो आपल्याला वाचायला मिळाला का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)