केवळ-वाचनीय तबकडी : एका त्रुटीसंदेशाची पार्श्वभूमी

सीडीवर फाईल साठविताना 'रीड-ओन्ली' हा संदेश आला की दोष संगणकाला दिला जातो. वस्तुतः त्याचे मूळ तबकडीच्या इतिहासात आहे. फिलिप्स व सोनी यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली ती केवळ संगीत ऐकण्यासाठी. १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकानेही तीवरील फाईली बदलणार नाहीत, असेच गृहीत धरले. पुढील काळातील सीडी-आरमध्ये लेसरमुळे सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात कायमचा बदल होतो. त्यामुळे लिहिलेले पुसता येत नाही. उरलेल्या जागेत नवे सत्र जोडता येते. मात्र तबकडी 'फायनलाइज' केल्यावर तेही शक्य नसते. २००१ च्या विंडोज एक्सपीतही फाईल आधी हार्ड डिस्कवरील तात्पुरत्या जागेत ठेवून मग 'बर्न' करावी लागे.

म्हणून फाईल हार्ड डिस्कवर उतरवावी, तिच्या गुणधर्मांतील 'रीड-ओन्ली' खूण काढावी आणि दुरुस्त प्रत नव्या सत्रात किंवा नव्या तबकडीवर लिहावी. अडथळा वाटणारा हा गुणधर्म संशोधनसामग्रीची मूळ नोंद चुकून बदलण्यापासून वाचवितो. तथापि रंगद्रव्य कालांतराने क्षीण होते. म्हणून जुन्या तबकड्यांवरील सामग्री वेळीच अन्यत्र उतरविणे अगत्याचे ठरते.