स्थलनिर्देश, जपानी भाषेतील

एखादी वस्तू, व्यक्ती किंवा घटना कोठे आहे हे सांगणारी जपानी वाक्यरचना. क्रियापद शेवटी आणि स्थळ दाखवणारे शब्द नामानंतर, ही मांडणी मराठीसारखीच असल्याने मराठी माणसाला तिचा सांगाडा लवकर उमगतो. ‘त्सुकुए नो शिता नि नेको गा इमास’ म्हणजे ‘टेबलाच्या खाली मांजर आहे’. यातील ‘नो’ आपल्या ‘च्या’चे काम करतो, ‘नि’ स्थळ दाखवतो आणि ‘गा’ कर्ता. शिता (खाली), उए (वर), माए (समोर), नाका (आत) ही जपानीत नामेच असल्याने त्यांच्याआधी ‘नो’ लागतो. ‘शेजारी’साठी मात्र दोन शब्द आहेत. बँकेला लागून असलेले पोस्ट ‘तोनारि’, कारण दोन्ही एकाच जातीची. घराच्या कडेला उभी केलेली सायकल ‘योको’.

‘आहे’साठीही दोन क्रियापदे आहेत. माणसे व प्राणी यांना ‘इरु’ (सभ्य रूप ‘इमास’), निर्जीव वस्तूंना ‘आरु’ (सभ्य रूप ‘आरिमास’). झाडे सजीव असूनही ‘आरु’ घेतात. तळ्यात पोहणारा मासा ‘इरु’, तोच बाजारात विक्रीला आला की ‘आरु’. चालक बसलेली, गिऱ्हाइकाची वाट पाहणारी टॅक्सी पुष्कळदा ‘इरु’ होते. म्हणजे निवड जीवशास्त्राने होत नाही. ती वस्तू आपणहून हालचाल करते असे बोलणाऱ्याला वाटते का, यावर ती ठरते. जुन्या जपानीत माणसांनाही ‘आरि’ चालत असे.

खरी अडचण ‘नि’ आणि ‘दे’ यांची. ‘पुण्यात राहतो’ आणि ‘पुण्यात नोकरी करतो’ या दोन्हींत मराठीला एकच ‘-त’ पुरतो. जपानीत राहण्याला ‘नि’ आणि काम करण्याला ‘दे’ लागतो. अस्तित्व वेगळे, कृती वेगळी. घटनेलाही ‘दे’च हवा. तोक्यो टॉवर तोक्योत आहे, तेथे ‘तोक्यो नि आरिमास’. बैठक तोक्योत आहे, तेथे ‘तोक्यो दे आरिमास’. नवशिक्यांनी सर्वांत जास्त वेळ द्यावा तो याच भेदाला.

नवी वस्तू सांगायची असेल तर सहसा स्थळ आधी येते आणि वस्तूला ‘गा’ लागतो. ओळखीच्या वस्तूचे ठिकाण सांगताना ती ‘वा’ घेऊन पुढे येते. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’ यांत मराठी जो फरक केवळ शब्दक्रमाने करते, तो जपानी प्रत्ययानेही करते.

मराठीच्या ‘इथे-तिथे’ या जोडीपुढे जपानीत तीन पायऱ्या आहेत: बोलणाऱ्याजवळ ‘कोको’, ऐकणाऱ्याजवळ ‘सोको’, दोघांपासून दूर ‘आसोको’. ‘दोको’ म्हणजे कोठे. या ‘को-सो-आ-दो’ व्यवस्थेची पद्धतशीर मांडणी साकुमा कानाए यांनी 1936 च्या ग्रंथात केली.

रोजच्या बोलण्यात ‘नि आरिमास’ऐवजी नुसते ‘देस’ही चालते. ‘एकि वा दोको देस का’ (स्टेशन कोठे आहे?) एवढे वाक्य रस्त्यात अनोळखी माणसाला विचारायला पूर्ण आणि सभ्य आहे.