सवलतीच्या तिकिटावरचा युरोप

युरोपातील विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शुक्रवारी संध्याकाळी चार-पाच मित्रांसह दुसऱ्या शहराची, पुष्कळदा दुसऱ्या देशाची वाट धरावी आणि सोमवारच्या पहिल्या तासाला पुन्हा वर्गात हजर असावे, ही रीत आज इतकी रुळली आहे की ती तारुण्याच्या हौसेतून आपोआप उपजली असे समजले जाते. हौस जुनी आहे. रीत तेवढी जुनी नाही. तिला मोकळा शनिवार लागतो, विद्यार्थ्याच्या खिशाला पेलणारे भाडे लागते, रात्री पाठ टेकायला स्वस्त जागा लागते आणि सीमेवर अडवणूक होणार नाही याची हमी लागते. या चारही गोष्टी युरोपला निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी आणि बहुधा विद्यार्थ्यांचा फारसा विचार न होता मिळाल्या. म्हणूनच या सहलींचा इतिहास हा मुख्यतः सवलतींचा, आणि त्याहून अधिक, त्या सवलतींना जोडलेल्या अटींचा इतिहास ठरतो.

बाराव्या शतकापासून बोलोन्या, पॅरिस येथील विद्यापीठांकडे दूरदूरचे विद्यार्थी येत असत, आणि सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने त्या शतकाच्या मध्यास अशा फिरत्या विद्यार्थ्यांना संरक्षण देणारी आज्ञाही काढली होती. परंतु तो प्रवास विद्येपर्यंत पोहोचण्याचा होता, आणि एकदा पोहोचल्यावर विद्यार्थी आपल्या ‘नेशन’मध्ये, म्हणजे एकाच प्रदेशातून आलेल्यांच्या संघात, राहून अभ्यास पुरा करीत असे. शिक्षण चालू असतानाच्या सहलींचा एक ठळक जुना दाखला फेलिक्स प्लॅटर या स्विस विद्यार्थ्याच्या रोजनिशीत सापडतो. तो १५५२ साली बाझेलहून घोड्यावर निघून वैद्यक शिकण्यासाठी दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे गेला आणि कातालाँ नावाच्या औषधविक्रेत्याच्या घरी राहिला. खर्च वाचावा म्हणून त्या काळी मुलांची अदलाबदल करण्याची पद्धत होती, म्हणजे एका घरच्या मुलाला सांभाळायचे आणि त्या बदल्यात आपला मुलगा दुसऱ्या घरी ठेवायचा. कातालाँच्या मुलानेही बाझेलला प्लॅटरांकडे राहून शिकावे, असा हा व्यवहार होता. माँपेलिएत जर्मन बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक कंपू जमलेला होता, आणि डोंगराळ मुलखातून आलेली ही मुले समुद्र पाहायला, शिंपले गोळा करायला, प्राचीन रोमन अवशेष न्याहाळायला एकत्र निघत. एकाच भाषेच्या परदेशस्थांनी मिळून परमुलूख पाहण्याची ही तऱ्हा आजच्या विद्यार्थ्यालाही ओळखीची वाटेल, आणि याच कारणासाठी प्लॅटरची रोजनिशी पुढच्या दोन शतकांतील श्रीमंती प्रवासवर्णनांपेक्षा या विषयाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

ते श्रीमंती प्रवास म्हणजे ‘ग्रँड टूर’. रिचर्ड लासेल्स याच्या १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीविषयक ग्रंथामुळे हे नाव रूढ झाले. इंग्रज उमरावाच्या मुलाने शिक्षकाच्या देखरेखीखाली पॅरिस, फ्लोरेन्स, रोम पाहत दोन-तीन वर्षे हिंडावे, असे त्याचे स्वरूप होते. विद्यार्थ्यांच्या आजच्या भटकंतीची वंशावळ पुष्कळदा येथूनच सांगितली जाते, पण त्या प्रवासात घाई नव्हती, काटकसर नव्हती आणि समवयस्कांचा जथाही नव्हता, तेव्हा हे नाते मानण्यास फारसा आधार उरत नाही.

आठवड्याच्या शेवटी मोकळा वेळ ही गोष्ट विद्यापीठाने दिलेली नसून गिरणीने दिलेली आहे. इंग्लंडमधील १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले, आणि पुढे अर्धा शनिवार हळूहळू इतर धंद्यांतही पसरला. त्याआधीच, १८४१ च्या जुलैत, टॉमस कुक याने लेस्टरहून लफबरोला एक शिलिंग दरात सुमारे पाचशे माणसांना खास गाडीने नेऊन, जथ्याने गेल्यास भाडे उतरते, हे दाखवून दिले होते. ती सहल दारूबंदीच्या सभेसाठी होती, हे आजच्या सहलींकडे पाहता मौजेचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांना ही रेल्वे आयती मिळाली. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या मोहनदास गांधींनी पॅरिसचे प्रदर्शन पाहिले, तेथे आठवडाभरासाठी खोली घेतली, आयफेल टॉवर दोन-तीनदा चढला आणि उंचावर बसून जेवलो असे म्हणता यावे एवढ्यासाठी सात शिलिंग खर्च केले, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे, (तेथे साल १८९० दिले असले तरी ज्या प्रदर्शनासाठी टॉवर उभारला ते १८८९ चे होते.) मराठी वाचकांना परिचित असलेले ब्रायटन हे लंडनकरांचे रेल्वेने जाऊन येण्याचे हक्काचे समुद्रस्थळ होते, त्याच किनाऱ्यावर १९०९ मध्ये, लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी सागराला उद्देशून आपली प्रसिद्ध कविता रचली, मात्र ते जाणे मौजेचे नव्हते.

भाडे उतरले तरी रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न राहतोच, आणि तो सुटला जर्मनीत. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्स येथील शाळकरी मुलांच्या पायी भटकंतीतून १९०१ मध्ये ‘वांडरफोगेल’, म्हणजे भटके पाखरू, या नावाची संघटना उभी राहिली. शहरी शिस्त आणि घरची चाकोरी टाकून रानवाटांनी हिंडायचे, गिटारवर लोकगीते म्हणायची आणि गवताच्या गंजीत झोपायचे, हा तिचा बाणा होता. गवताची गंजी प्रत्येक ठिकाणी मिळतेच असे नाही. वेस्टफालियातील आल्टेना गावचा शिक्षक रिशार्ड शिरमान १९०९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी निघाला असता ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळाने त्याला गाठले, आणि सगळ्यांना एका गावच्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढावी लागली. सुट्टीत देशभरच्या शाळा रिकाम्या पडून असतात, तर त्यांतच वाटसरू मुलांची सोय का करू नये, असा विचार त्याने त्या रात्री केला, आणि प्रथम आपल्याच शाळेत, नंतर १९१२ पासून आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे युवा वसतिगृह उघडले.

पुढे ‘यूथ हॉस्टेल’ म्हणून जगभर गेलेल्या या व्यवस्थेचे अर्थशास्त्र साधे होते. खाट एकावर एक रचलेली, चादर ज्याची त्याने आणायची, केरवारा आणि भांडी पाहुण्यांनीच करायची, आणि गृहपाल म्हणून एक दांपत्य ठेवायचे. नोकरांचा पगार वाचला की दर आपोआप खाली येई. इंग्लंड-वेल्समधील संघटना १९३० मध्ये निघाली तेव्हा तिचा दर रात्रीला एक शिलिंग होता. त्याबरोबर अटीही आल्या: दिवे ठरल्या वेळी मालवायचे, मुले-मुलींनी निरनिराळ्या दालनांत झोपायचे, आणि जो मोटारीने आला त्याला दार बंद, कारण वसतिगृह हे आपल्या पायांवर किंवा सायकलवर येणाऱ्यासाठी होते. ही शेवटची अट आज चमत्कारिक वाटते, पण सवलत नेमकी कोणासाठी आहे याचा इतका स्पष्ट विचार पुढच्या काळात क्वचितच झाला. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे अकरा राष्ट्रीय संघटनांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघ स्थापला, आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील वसतिगृहे हिटलर युवक दलाच्या ताब्यात गेली; ज्या खाटा सर्वांसाठी होत्या त्या ज्यू मुलांना बंद झाल्या.

नाझींच्या आधीच्या त्या बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी संशोधन करून १९३० साली डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी पडद्यावर आलेल्या ‘मेन्शेन आम झोनटाग’ या मूकपटात बर्लिनची काही तरुण मंडळी शहराबाहेरच्या तळ्याकाठी दिवस घालवताना दिसतात. चित्रपटाच्या नावातच रविवार आहे, कारण नोकरदारांना मोकळा मिळे तो तेवढाच दिवस. शनिवार मोकळा होण्यासाठी जर्मन कामगार संघटनांना १९५६ मध्ये मोहीम काढावी लागली, आणि तिच्या गाजलेल्या भित्तिपत्रकावरचा लहान मुलगा शनिवारी बाबा माझे असतात असे सांगत होता. दोन पूर्ण दिवसांची सुट्टी, जिच्यावाचून परदेशी शहरातली सहल संभवत नाही, ती युरोपात सर्वसामान्य झाली ती साठच्या-सत्तरच्या दशकांत.

त्यानंतर रेल्वेच्या पासांचे युग येते. १९५९ पासून मिळू लागलेला युरेल पास युरोपबाहेरच्या रहिवाशांसाठी, मुख्यतः अमेरिकन प्रवाशांसाठी होता. युरोपीय तरुणांना तशी सोय १ मार्च १९७२ रोजी इंटररेलच्या रूपाने मिळाली, तीही आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या पन्नाशीनिमित्त, काही काळापुरती म्हणून. एकवीस वर्षांपर्यंतच्या प्रवाशाने एकवीस देशांत महिनाभर हवे तितके हिंडावे, फक्त स्वतःच्या देशात अर्धे भाडे भरावे, असा तो पास होता. ब्रिटनमध्ये त्याची किंमत २७ पौंड ५० पेन्स होती. योजना इतकी चालली की ती बंद करणे शक्य झाले नाही, वयाची मर्यादा वाढत सव्वीसपर्यंत गेली आणि १९९८ मध्ये ती उठलीच. या पासाने प्रवासाची एक युक्ती तरुणांच्या अंगवळणी पाडली: रात्रीची गाडी पकडायची, डब्यातच झोपायचे, आणि भाड्याबरोबर खोलीचा खर्चही वाचवायचा. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी नव्या शहरात उतरण्याची सवय या युक्तीतून पक्की झाली.

इंटररेल उन्हाळ्याच्या सुट्टीचा होता. खास शनिवार-रविवारसाठी काढलेले तिकीट जर्मन रेल्वेने फेब्रुवारी १९९५ मध्ये विक्रीला आणले. ‘श्योनेस वोखनएंडे’, म्हणजे सुंदर आठवडाअखेर, या नावाच्या त्या तिकिटावर पाच जणांनी मिळून पंधरा मार्कांत शनिवार-रविवार देशभर फिरावे, अट एवढीच की जलद गाड्या सोडून प्रादेशिक गाड्यांतूनच जायचे. माणशी तीन मार्कांत देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येई, मग भले पाच-सहा वेळा गाडी बदलावी लागो. डबे इतके भरले की काही महिन्यांतच किंमत दुप्पट झाली, पुढे दोनाऐवजी एकच दिवस चालू लागले, आणि २०१९ मध्ये हे तिकीट इतिहासजमा झाले. मात्र त्याच्या पाच जणांच्या अटीने एका पिढीच्या सहलींचा आकारच ठरवला: चौघे असतील तर पाचवा शोधायचा, एकटा असेल त्याने फलाटावर अनोळखी लोकांना विचारून टोळी पुरी करायची. मे २०२३ पासून लागू झालेले देशव्यापी मासिक तिकीट, विद्यार्थ्यांना तर ते आणखी सवलतीत मिळते, एका व्यक्तीच्या नावावर असते. सोय वाढली, पण मित्र गोळा करण्याचे आर्थिक कारण नाहीसे झाले.

विमानांच्या बाबतीत अटीची गंमत उलटी होती. मोठ्या विमान कंपन्या परतीचे स्वस्त भाडे बहुधा तेव्हाच देत जेव्हा प्रवासी शनिवारची रात्र परगावी काढी. कामासाठी जाणारा व्यापारी शुक्रवारी घरी परततो, म्हणून त्याच्याकडून पूर्ण भाडे घ्यायचे आणि रिकाम्या जागा हौशी प्रवाशाला द्यायच्या, हा त्यामागचा हिशेब. युरोपीय संघाने १९९३ ते १९९७ या काळात हवाई वाहतूक टप्प्याटप्प्याने खुली केल्यावर नव्या स्वस्त कंपन्यांनी ही अट मोडून एकेरी तिकिटे विकण्यास सुरुवात केली. खर्च वाचवण्यासाठी त्या आडबाजूचे विमानतळ वापरीत. पॅरिसच्या नावाने विकले जाणारे बोव्हे पॅरिस शहरापासून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि तिकिटापेक्षा बसचे भाडे जड जाण्याचा अनुभव असंख्य विद्यार्थ्यांनी घेतला असेल.

तरीही परदेशी विद्यार्थी दर आठवड्याला बाहेर का पडतो, याचे उत्तर केवळ भाड्यात नाही. १९५८ मध्ये सोफिया कोर्राडी ही इटालियन विद्यार्थिनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन रोमला परतली तेव्हा तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण मान्य करण्याचे नाकारले. त्यानंतर तिने जो पाठपुरावा केला त्याचे फळ म्हणजे १९८७ ची इरॅस्मस योजना, जिच्यात पहिल्या वर्षी अकरा देशांतले ३,२४४ विद्यार्थी एक-दोन सत्रांसाठी दुसऱ्या देशात गेले. असा पाहुणा विद्यार्थी ज्या गावात जातो तेथील मुले पुष्कळदा शुक्रवारी घरी निघून जातात. बेल्जियममधील ल्यूव्हन हे विद्यापीठाचे गाव तर यासाठी प्रसिद्धच आहे, आणि शुक्रवारी दुपारी तेथील स्थानकाकडे चाकाच्या बॅगा ओढीत जाणाऱ्या फ्लेमिश विद्यार्थ्यांची रीघ लागते. मागे उरतात ते परदेशी, आणि ओस पडलेल्या वसतिगृहात इटालियन, पोलिश, भारतीय अशी मंडळी जमून नकाशा उघडते. युरोपातील शिक्षणाने ‘स्थानिकांशी मैत्री’ होते हा योजनेच्या पुरस्कर्त्यांचा दावा या सहलींनी फारसा खरा केला नाही; मैत्री झाली ती परदेशस्थांची परदेशस्थांशी, प्लॅटरच्या काळात झाली तशीच, फक्त भाषेचे कुंपण ओलांडून.

उरला सीमेचा प्रश्न. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी, मोझेल नदीतील नौकेवर पाच देशांनी आपसांतील तपासणी उठवण्याचा करार केला, आणि तो मार्च १९९५ पासून अंमलात आला. युरोपीय विद्यार्थ्याची यात सोय झाली. भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र सारे स्वरूपच पालटले, कारण पूर्वी त्याला प्रत्येक देशाचा वेगळा व्हिसा काढावा लागे आणि व्हिसाची रांग लावून कोणी दोन दिवसांच्या सहलीला जात नसे. आता एका शेंगेन देशाचा निवासपरवाना, म्हणजे तेथे दीर्घकाळ राहण्याची अधिकृत अनुमती, हाती असली की इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. त्याच परवान्यावर तो इंटररेललाही पात्र ठरतो, तर पुण्याहून त्याला भेटायला आलेल्या भावंडाला युरेल घ्यावा लागतो. २०२३-२४ मध्ये जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा गट सर्वांत मोठा होता. ब्रिटन आणि आयर्लंड या व्यवस्थेबाहेर आहेत, त्यामुळे डब्लिनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला वर्गातल्या आयरिश मित्रांबरोबर दोन दिवस पॅरिसला जायचे असेल तर आधी शेंगेन व्हिसा काढावा लागतो, आणि त्याचे ९० युरो शुल्क पुष्कळदा विमानाच्या जाण्यायेण्याच्या भाड्यापेक्षा अधिक असते.